काचघरातल्या कॅमेरॉनबाई

(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या घरात भिंतीवर एकच मोठी तसबीर आहे. ती माझ्या आजीची. ती मी स्वतः काढलेली आहे आणि ती बिघडलेली आहे, हे वाचकांना आधीच सांगून टाकते.

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत एका मैत्रिणीच्या मामांचा डिजिटल कॅमेरा दोन दिवसांसाठी मला मिळाला. आमच्या घरात कॅमेरा कोणी हाती धरलेला नव्हता. कॉलेजची पायरी चढणारीही मीच पहिली. त्यामुळे शिकलेल्या पोरीला हेही येत असणार, अशी घरातल्या सगळ्यांची समजूत. दिवस कलला होता. आजी उंबऱ्यावर बसून वाती वळत होती. मी घरातून, अंधाराकडून, तिच्याकडे कॅमेरा धरला. तिच्या पाठीमागे अंगणातले पिवळे ऊन होते. तिने मान वळवली आणि मी बटण दाबले. कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या इवल्याशा चौकोनात फोटो छान दिसला. दुसरा काढलाच नाही. दिवाळीत नीट लुगडे नेसवून पुन्हा काढू, असे म्हटले. आजी भाद्रपदात गेली.

मग तोच फोटो तालुक्याच्या गावी मोठा करायला दिला, तेव्हा खरा प्रकार कळला. चेहरा काळवंडलेला, डोळ्यांच्या जागी दोन सावल्या, आणि नाकाची कड दोनदा उमटलेली. दुकानदाराने संगणकावर तो उजळ केला, तर चेहऱ्यावर राखेसारखे कण आले. तेराव्याला आलेल्या एका आत्याने तसबिरीसमोर उभे राहून ही कोण म्हणून विचारले. बाबा काही बोलले नाहीत. त्यांनी खिळा ठोकला आणि तसबीर लावली. त्यांचे ते न बोलणे मला फार लागले.

चांगला, रेखीव, नीट उजेडाचा चेहरा कसा टिपावा, हे शिकायचेच असा हट्ट धरून मी आमच्या ग्रंथालयात गेले. तेथे छायाचित्रणाच्या इतिहासावरचे एक जाडजूड इंग्रजी पुस्तक हाती आले. पाने उलटता उलटता एका म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर थबकले. पांढरे केस पिंजलेले, भोवती काळाकुट्ट अंधार, ओले वाटणारे डोळे. आणि काय आश्चर्य! हाही फोटो धूसरच होता. खाली साल होते १८६७ आणि नाव होते ज्यूलिया मार्गारेट कॅमेरॉन. कॅमेरा चालवणाऱ्या बाईचे आडनाव कॅमेरॉन, याचे मला हसू आले. मग शब्दकोश शेजारी घेऊन मी त्यांच्याविषयी मिळेल ते वाचत गेले. त्या वाचनातून मला कळलेल्या कॅमेरॉनबाई येथे सांगते.

या बाई आपल्याच देशात जन्मल्या. ११ जून १८१५ रोजी, कलकत्त्यात. वडील जेम्स पॅटल हे ईस्ट इंडिया कंपनीचे मोठे अधिकारी, तर आई फ्रेंच घराण्यातली. पॅटलांच्या मुली देखणेपणाबद्दल प्रसिद्ध होत्या. ज्यूलिया मात्र त्यांच्यात रूपाने उजवी गणली जात नसे; तिची ख्याती बुद्धीची आणि धडाडीची. शिक्षणासाठी तिला फ्रान्सला आजीकडे धाडले होते. पुढे ती कलकत्त्यास परतली. १८३६ साली आजारातून उठल्यावर हवापालटासाठी ती आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, केपला गेली. तेथे तिला दोन माणसे भेटली आणि त्या दोघांनी तिचे आयुष्य घडवले.

एक होते चार्ल्स हे कॅमेरॉन. वयाने वीस वर्षांनी मोठे, कायदेपंडित. मेकॉलेच्या अध्यक्षतेखाली ज्या आयोगाने भारतीय दंडविधानाचा मसुदा तयार केला, त्याचे ते सदस्य होते. तो कायदा १८६० साली मंजूर झाला आणि २०२४ च्या १ जुलैला भारतीय न्याय संहिता येईपर्यंत आपल्याकडे चालू राहिला. १८३८ साली कलकत्त्यात ज्यूलियाचे त्यांच्याशी लग्न झाले. दुसरे गृहस्थ म्हणजे खगोलशास्त्रज्ञ सर जॉन हर्शेल. दक्षिणेकडच्या आकाशातले तारे मोजण्यासाठी ते केपला मुक्काम ठोकून होते. फोटो कायम टिकवण्यासाठी लागणारे, छायाचित्रकार ज्याला हायपो म्हणतात ते रसायन चांदीचे क्षार विरघळवते, हा शोध हर्शेल यांचाच. छायाचित्रणाची विद्या जगात आली तेव्हा त्यांनी तिचे काही पहिलेवहिले नमुने कलकत्त्यास ज्यूलियाबाईंना पाठवले होते. मी पुस्तकात पाहिलेला तो पांढऱ्या केसांचा म्हातारा म्हणजे हेच हर्शेल.

१८४८ साली कॅमेरॉन कुटुंब इंग्लंडला गेले आणि १८६० साली वाइट बेटावरच्या फ्रेशवॉटर या गावी राहू लागले. शेजारी राजकवी टेनिसन. घराचे नाव डिम्बोला, हे सिलोनमधल्या त्यांच्या मळ्यावरून ठेवलेले. पदरी पाच मुलगे, एक मुलगी, शिवाय सांभाळायला घेतलेली अनाथ मुले. घरात पाहुण्यांची सदा वर्दळ. अशा घरातल्या बाईला स्वतःसाठी वेळ कोठून मिळणार? पण मुले मोठी झाली, मुलगी लग्न होऊन गेली, नवरा मळे पाहण्यासाठी सिलोनला गेला आणि घर एकाएकी रिकामे झाले. डिसेंबर १८६३ मध्ये मुलीने आणि जावयाने आईला करमणूक म्हणून एक कॅमेरा भेट दिला. तेव्हा बाई अठ्ठेचाळीस वर्षांच्या होत्या.

आमच्याकडे अठ्ठेचाळिसाव्या वर्षी बाईने काही नवे शिकायला घेतले, तर लोक हसतात. त्या काळच्या इंग्लंडातही काही निराळे नसावे. बाईंना शिकवायला गुरू नव्हता. त्यांनी कोळशाच्या खोलीची अंधारखोली केली. कोंबड्यांचे खुराडे रिकामे करून त्याला काचा बसवल्या आणि ते झाले त्यांचे काचघर!

त्या काळचे फोटोचे काम किती जिकिरीचे होते, ते आम्हां बटण दाबणाऱ्यांना सांगूनही खरे वाटणार नाही. प्रथम काच स्वच्छ घासायची. तिच्यावर कोलोडियन नावाचे चिकट द्रावण ओतून काच चारी कोपऱ्यांकडे कलती करत सारखा थर बसवायचा. मग अंधारात ती चांदीच्या क्षाराच्या पाण्यात बुडवायची. ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि ती सुकण्याच्या आत फोटो घेऊन, पुन्हा अंधारखोलीत नेऊन धुवायची. हे सगळे काही मिनिटांत. थर सुकला की काम फुकट. धूळ बसली, बोट लागले, द्रावण ओघळले, की ती खूण चेहऱ्यावर कायमची. या रसायनाने बोटे आणि कपडे काळे पडत. त्यानंतर तयार काच अंड्याच्या पांढऱ्या भागाचा लेप दिलेल्या कागदावर ठेवून उन्हात छाप घ्यायची.

बाईंचा पहिलाच प्रयत्न ऐकण्यासारखा आहे. गावातल्या एका शेतकऱ्याला त्यांनी तासावर मजुरी देऊन बसवले. फोटो आला. त्या आनंदात त्यांनी काचेच्या ओल्या बाजूवरूनच हात फिरवला आणि सगळे पुसून टाकले! हे वाचले तेव्हा मी ग्रंथालयात एकटीच हसले आणि मग आजीची आठवण होऊन गप्प झाले. पण बाई थांबल्या नाहीत. जानेवारी १८६४ च्या अखेरीस अ‍ॅनी फिलपॉट नावाच्या लहान मुलीचा फोटो त्यांना साधला. कॅमेरा हाती आल्याला दोन महिनेही झाले नव्हते. त्या फोटोला त्यांनी आपले पहिले यश मानले.

आता त्या धूसरपणाकडे वळू. बाईंच्या कॅमेऱ्याची काच सुमारे अकरा इंच लांब आणि नऊ इंच रुंद, आणि लेन्सचे तोंड खूप मोठे. अशा लेन्सने जवळून चेहरा टिपला, की फारच थोड्या खोलीपुरते सगळे रेखीव दिसते. डोळा स्पष्ट आला तर कान विरघळतो. त्यातच त्या काळच्या पुष्कळ लेन्समध्ये एक दोष असे. डोळ्यांना चित्र जेथे स्पष्ट दिसे, तेथे ते काचेवर स्पष्ट पडत नसे, कारण कोलोडियनवर निळ्या किरणांचा परिणाम होतो आणि ते किरण थोडे वेगळ्या ठिकाणी एकत्र येतात. शिवाय बाईंना झगझगीत प्रकाश नको असे. पडदे लावून एका बाजूनेच उजेड चेहऱ्यावर घ्यायचा ही त्यांची रीत. उजेड कमी म्हणजे वेळ जास्त. बसणाऱ्याला तीन ते सात मिनिटे हलता येत नसे. धंदेवाईक स्टुडिओत छोटे फोटो काही सेकंदांत होत आणि मान हलू नये म्हणून मागे लोखंडी टेकूही लावत. सात मिनिटे माणूस श्वास तर घेणारच, पापणीही लववणार. ते सारे काचेवर उतरे.

सुरुवातीचा धूसरपणा अपघातानेच आला, हे बाईंनी स्वतःच आपल्या अपुऱ्या आत्मचरित्रात मोकळेपणाने कबूल केले आहे. लेन्स फिरवताना चित्र जेथे सुंदर वाटे तेथेच त्या थांबत. आणखी रेखीव करण्यासाठी पुढे फिरवत नसत. लंडनच्या छायाचित्रण संस्थेतल्या जाणत्यांनी त्यांच्यावर सडकून टीका केली. रेषा स्पष्ट नाहीत, काचेवर डाग आहेत, बाईंना हत्यार धरता येत नाही, असा एकंदर सूर. काही दोष खरेही होते. काही काचांवरचा थर पुढे तडकला आणि त्यावरचा इलाज त्या विचारत राहिल्या. पण चित्रकारांना आणि कवींना ते चेहरे भावले. १८६५ साली लंडनच्या साऊथ केन्सिंग्टन म्युझियमने त्यांचे फोटो विकत घेतले आणि १८६८ साली त्याच संग्रहालयाने त्यांना काम करायला दोन खोल्या दिल्या. हेच संग्रहालय आज व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्हणून ओळखले जाते.

१८६६ साली त्यांनी आणखी मोठा कॅमेरा घेतला. त्याची काच पंधरा इंच लांब आणि बारा इंच रुंद. त्यावर माणसाचा चेहरा जवळजवळ खऱ्या आकाराचा येई. त्यांचे सर्वांत गाजलेले चेहरे या कॅमेऱ्याचे. १८६७ साली कार्लाइल; तो तर काचेतून बाहेर येतो की काय असे वाटते. १८६८ साली सहकुटुंब फ्रेशवॉटरला राहायला आलेला डार्विन. आणि हर्शेल! त्यांच्याकडे बाई आपले सगळे सामान घेऊन गेल्या. त्यांचे केस धुवून पिंजायला लावले, पाठीमागे अंधार केला आणि एका बाजूने उजेड घेतला. तीस वर्षांच्या ओळखीचा माणूस, ज्याने फोटोची विद्या प्रथम दाखवली, त्याच्यासमोर उभे राहताना बाईंच्या मनात काय असेल? ते त्या चेहऱ्यात दिसते असे मला वाटते.

मला मात्र या थोर पुरुषांपेक्षा दोन मेरी अधिक आवडल्या. माझी आई लोकांच्या शेतावर खुरपायला जाते, म्हणूनही असेल. मेरी हिलियर ही कॅमेरॉनांच्या घरची मोलकरीण. पाणी आणणारी, खोल्या झाडणारी, काचा धुण्यात मदत करणारी. बाईंनी तिला अनेकदा येशूची माता म्हणून बसवले. ज्या चेहऱ्याकडे पाहुण्यांनी एरवी पाहिलेही नसते, तो संग्रहालयाच्या भिंतीवर गेला. पुढे तिने एका माळ्याशी लग्न केले.

दुसरी मेरी रायन. लंडनजवळच्या माळावर आईबरोबर भीक मागणारी आयरिश पोर. बाईंनी तिला घरी आणले, शिकवले आणि कामाला ठेवले. प्रदर्शनात बाईंचे फोटो पाहायला आलेला हेन्री कॉटन नावाचा तरुण तिच्यावर भाळला. १८६७ साली त्यांचे लग्न झाले आणि तो सनदी नोकरीत हिंदुस्थानात आला. हे कॉटन म्हणजे पुढे आसामचे चीफ कमिशनर झालेले आणि हिंदी लोकांची बाजू घेणारे सर हेन्री कॉटन. १९०४ साली मुंबईत भरलेल्या राष्ट्रीय सभेच्या अधिवेशनाचे अध्यक्ष तेच! इतिहासाच्या तासाला अध्यक्षांची यादी पाठ करताना, त्यातल्या एका नावामागे एक भिकारीण पोर आणि एक फोटो आहे, हे मला कोठे ठाऊक होते?

तरी एक गोष्ट लिहिल्यावाचून राहवत नाही. मेरी हिलियरला बसायचे की नाही, हे विचारले जात असेल का? कवी आणि शास्त्रज्ञ आपल्या नावाने बसले. मोलकरीण बहुधा दुसऱ्या कोणाच्या तरी नावाने. बाई सधन घरच्या, राज्यकर्त्यांच्या जातीच्या होत्या, हे विसरून चालणार नाही.

पुढे पैशाची ओढ लागली. बाई फोटो विकत असत, हक्क नोंदवीत असत, पण खर्चच फार. सिलोनमधल्या कॉफीच्या मळ्यांवर तर १८६९ पासून तांबेऱ्याचा रोग पडला होता. १८७५ साली पतीपत्नी सिलोनला निघाली. सामानात दोन शवपेट्याही होत्या, न जाणो तेथे मिळतील न मिळतील म्हणून. आणि रिकाम्या कशाला न्यायच्या म्हणून त्यांत काचसामान भरले होते! सिलोनमध्ये त्यांच्या हातून फोटो थोडेच झाले. त्यांत मळ्यांवरचे मजूर आणि खेडूत आहेत. टेनिसन, डार्विन यांची नावे जगाला ठाऊक. या मजुरांची नावे मात्र लिहून ठेवलेली नाहीत. त्या पानावर मी बराच वेळ थांबले. २६ जानेवारी १८७९ रोजी बाई तेथेच वारल्या. सुमारे अकरा वर्षे इंग्लंडात आणि थोडी सिलोनात, एवढ्या काळात त्यांनी केलेल्या बाराशेहून अधिक चित्रांची आज नोंद आहे. त्यांच्या भाचीची मुलगी म्हणजे प्रसिद्ध लेखिका व्हर्जिनिया वुल्फ. तिने १९२६ साली या विसरल्या गेलेल्या मावशीआजीच्या चेहऱ्यांचे पुस्तक काढले.

हे सारे वाचून झाल्यावर प्रथम मला मोठे समाधान वाटले. एवढ्या थोर बाईंचे फोटो धूसर, मग माझ्या आजीचा धूसर असला म्हणून काय बिघडले? चार दिवस मी याच आनंदात होते. पाचव्या दिवशी हर्शेलांचा चेहरा पुन्हा उघडला आणि मनाला चोर सापडला. त्या चेहऱ्यात उजेड कोठून यावा, हे बाईंनी ठरवले होते. काय स्पष्ट असावे आणि काय विरावे, हे पाहून त्या थांबल्या होत्या. त्यांचा पहिला फोटो पुसला गेला, तेव्हा त्यांनी दुसरा काढला, तिसरा काढला. ओली काच, विहिरीचे पाणी, काळी बोटे आणि सात मिनिटांची वाट एवढे सोसून त्या एका चेहऱ्याकडे पाहत. माझ्या हातात तर एका क्षणात फोटो देणारे यंत्र होते आणि मी आजीला एक क्षणच दिला. माझा फोटो लेन्समुळे बिघडला नाही. मी दुसरा काढला नाही, तेथे तो बिघडला.

फोटो का बिघडला, तेही आता मला कळते. कॅमेरा सगळ्या चित्राचा उजेड एकत्र मोजतो. मागे ऊन असेल तर तो भुलतो आणि चेहरा काळा करतो. उजेड कमी असेल तर पडदा अधिक वेळ उघडा राहतो आणि तेवढ्यात आपला हात हलतो. म्हणून माणसाला दाराच्या आत, उजेडाकडे तोंड करून बसवावे. आपण उजेडाच्या बाजूला, पण त्याच्या अंगावर आपली सावली पडणार नाही असे उभे राहावे. जवळच्या डोळ्यावर रेखीवपणा साधावा. शटर निदान सेकंदाच्या एकशे पंचविसाव्या भागाइतके जलद ठेवावे. जमत नसेल तर कॅमेरा डब्यावर, पाटावर, कशावर तरी टेकवावा. आणि काढलेला फोटो मोठा करून डोळे पाहिल्याशिवाय माणसाला उठू देऊ नये.

संक्रांतीला तो कॅमेरा मी पुन्हा मागून आणला. आई शेतावरून आली होती. फोटो काढायचा म्हटल्यावर नवे लुगडे नेसायला निघाली, तर मी तिला तशीच दारात बसवली, उजेडाकडे तोंड करून. तीस-बत्तीस फोटो काढले. पहिल्या दहांत ती अवघडली होती. पुढे कंटाळली, मला रागे भरली, आणि मग मला विसरून अंगणातल्या शेळीकडे पाहू लागली. तेव्हाचा फोटो चांगला आला आहे. डोळे स्पष्ट आहेत, कपाळावरचे गोंदण स्पष्ट आहे, डोक्यावरचा पदर जरासा विरला आहे. मागच्या बाजूला मी तिचे पूर्ण नाव, गाव आणि तारीख लिहून ठेवली.

आजीची तसबीर आहे तेथेच आहे. ती काढून टाकावी असे आता वाटत नाही. घरी आलेला कोणी ही कोण म्हणून विचारतो, तेव्हा मी नाव सांगते आणि ती वाती कशी वळत असे, तेही सांगते. फोटोने जे सांगायला हवे होते ते तोंडाने सांगावे लागते, एवढी शिक्षा मला पुरेशी आहे.